विहिरीच्या कांठावरील पहिलीं पांच मिनिटें

शेतकऱ्यांच्या अपमृत्यूचे कागद जुळविण्याचें काम आम्हीं महसूल खात्यांतील नोकरींत अनेक वर्षें केलें. कोणी विहिरींत पडून, कोणी शेततळ्यांत बुडून, तर कोणी पंपाच्या स्टार्टरचा धक्का बसून गेला म्हणजे पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सात-बाराचा उतारा, वारसांचीं नांवें, असें सर्व तयार करावें लागे. अलीकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाच्या अपघात योजनेंतून अशा शेतकऱ्याच्या वारसांस २ लक्ष रुपये मिळतात. हे कागद वाचतां वाचतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. मनुष्यास पाण्याबाहेर केव्हां काढलें हें जबाबांत असे, डॉक्टरांनीं केव्हां तपासलें हेंहि असे. परंतु या दोहोंमधील अर्ध्यापाऊण तासांत काय केलें, त्याविषयीं गाडीची वाट पाहिली यापलीकडे बहुधा कांहींच नसे. एका प्रकरणांत मात्र पंधरा वर्षांच्या मुलास पाय धरून उलटें टांगलें व गरगर फिरविलें, असें लिहिलेलें होतें. तो जबाब आम्हींच नकलून घेतला, आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें तेव्हां आम्हांसहि वाटलें नाहीं.

वावगें हें कीं, उलटें टांगल्यानें अथवा पोट दाबल्यानें जें पाणी बाहेर येतें तें बहुतेक पोटांतलें असतें. तें घशांतून फुप्फुसांत शिरण्याचें भय असतें, आणि वेळ जातो तो निराळाच. हृदय बंद पडलें म्हणजे चार-सहा मिनिटांत मेंदूची हानि होऊं लागते. तालुक्याची गाडी तेवढ्यांत मळ्यापर्यंत येणें कठीण. तोंवर रक्त फिरतें ठेवणें हें कांठावर उभ्या असलेल्या माणसांच्याच हातीं असतें.

यावरील उपाय, ज्यास हल्लीं सर्वत्र सी. पी. आर. म्हणतात, त्यांतील छाती दाबण्याची रीत १९६० सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या कौवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनीं जगापुढें मांडली. यांपैकीं कौवेनहोव्हन हे वैद्य नसून विजेचे इंजिनियर होते, व तारांवर काम करणारे मजूर धक्क्यानें मरतात यावरूनच ते या शोधाकडे वळले होते. आमच्या पंपवाल्या बांधवांस ही हकीकत जवळची वाटेल.

आतां कृति. विजेचा धक्का बसला असेल तर मनुष्यास हात लावण्यापूर्वीं प्रवाह बंद करावा. खांबावरील मोठ्या दाबाची तार तुटून पडली असेल तर जवळहि जाऊं नये. मग खांदे थोपटून मोठ्यानें हाक मारावी. उत्तर नाहीं, आणि दहा सेकंद पाहून छाती नीट हालत नाहीं, असें दिसलें कीं एकानें १०८ ला फोन लावावा व दुसऱ्यानें कामास लागावें. मधून मधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे; येथें पुष्कळजण फसतात.

रोग्यास बाजेवर ठेवूं नये, कठीण जमिनीवर उताणा निजवावा. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, तळहाताची टांच ठेवून तीवर दुसरा हात ठेवावा. कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. छाती दोन इंच, फार तर सव्वादोन इंच, खालीं जावी, व प्रत्येक वेळीं पुरती वर येऊं द्यावी; न आली तर हृदयांत रक्त भरत नाहीं. वेग मिनिटास १०० ते १२०, म्हणजे तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत. तीस दाबांनंतर डोकें मागें झुकवून, हनुवटी उचलून, नाक चिमटींत धरून तोंडानें दोन श्वास द्यावे. बुडालेल्यास मात्र प्रथम श्वासच द्यावे, कारण त्याचें संकट श्वासापासून सुरू झालेलें असतें. उलट, फवारणीचें विष पोटांत गेलें असेल तेथें तोंडास तोंड लावूं नये, केवळ छाती दाबावी. लहान मुलास एका हातानें, छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें दाबावें. बरगडी कडकन् वाजली तरी थांबूं नये, बरगडी सांधते. दर दोन मिनिटांनीं माणूस बदलावा.

हें वाचून आलें असें कोणी समजूं नये. निवृत्त झाल्यावर आम्हीं तालुक्याच्या गांवीं एका वर्गांत रबरी पुतळ्यावर हा अभ्यास केला. पाठांतर चोख होतें, पण शिक्षक म्हणाले, "भाऊसाहेब, आपण शिक्का मारतां आहां, छाती दाबत नाहीं." खरोखरच आमचा दाब इंचभरहि जात नव्हता, कोपर वाकत होते, आणि दुसऱ्याच मिनिटास दम लागला. तिसऱ्या खेपेस जमलें. आमच्याबरोबरच्या एका नांगरट करणाऱ्या तरुणाचा दाब पहिल्यापासून पुरेसा होता, परंतु तो घाईनें हात वर येऊंच देईना.

असे वर्ग सेंट जॉन ॲम्ब्युलन्स व इंडियन रेडक्रॉस या संस्था चालवितात. सोसायटीच्या पुढील सभेंत आम्ही अशी सूचना मांडणार आहों कीं, एक शिक्षक व दोन पुतळे रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर एका दिवसाकरितां येथें आणावे, आणि प्रत्येक वस्तीवरून निदान दोघांनीं यावें, त्यांत एक स्त्री असावी. कारण दुपारीं विहिरीजवळ बहुधा त्याच असतात. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं चिटणिसांकडे नांवें द्यावीं, व येतांना एक जुनें पोतें आणावें. फरशीवर गुडघे फार दुखतात.