आधी कल, मग कात्री

ज्युनिपरचं छोटंसं झाड घरी आणलं की बहुतेकांचा हात आधी कात्रीकडे जातो. दाट हिरवा पसारा कमी करावा, चार फांद्या उडवाव्यात, की झालं बोन्साय, असं वाटतं. पण छाटलेली फांदी पुन्हा जोडता येत नाही. त्यातून ज्युनिपर पडला सूचिपर्णी. त्याच्या फांदीवरची सगळी हिरवी पालवी काढली, तर ती फांदी बहुधा वाळूनच जाते. म्हणून पहिला निर्णय छाटणीचा नव्हे. झाड कुंडीत कोणत्या कोनात उभं राहणार, याचा असतो.

जपानी बोन्सायमध्ये शिंपाकू नावाच्या ज्युनिपरला मोठा मान आहे. रानात तो डोंगरकड्यांच्या कपारीत, बर्फाचा भार आणि वारा सोसत वाढतो. साहजिकच त्याचं खोड वळतं, झुकतं. रोपवाटिकेतलं झाड मात्र कुंडीत सरळ लावलेलं असतं. ती त्या झाडाची सर्वांत चांगली बाजू असेलच असं नाही.

ती शोधायची कशी? बुंध्याभोवतीची वरची माती हलक्या हाताने बाजूला करा. मुळं जिथे पसरायला सुरुवात होते, ती जागा दिसू द्या. कुंडी डोळ्यांच्या पातळीवर ठेवा आणि सावकाश फिरवा. खोडाचं वळण स्पष्ट दिसतं, बुंधा रुंद वाटतो, ती समोरची बाजू. मग कुंडीखाली लाकडाची पाचर सरकवा आणि झाड थोडं इकडे, थोडं तिकडे कलवून पाहा. यात काहीच खर्च होत नाही आणि काहीच तुटत नाही.

एकच वीतभर उंचीचं झाड, पण कोन बदलला की त्याची शैली बदलते. खोड वळणावळणाचं, पण शेंडा साधारण बुंध्याच्या वर आला तर ती मोयोगी. सगळं झाडच एका बाजूला झुकलं तर शाकान. शेंडा कुंडीच्या काठाखाली उतरला तर हानकेंगाई, आणि तळाच्याही खाली गेला तर केंगाई. केंगाईला अर्थातच उंच कुंडी लागते.

मर्यादा असते ती मुळांची. झाड कललं की एका बाजूची मुळं मातीबाहेर येतात. ती सगळी कापून चालत नाही. बारीक मुळं भरपूर राहायला हवीत. कोनात फार मोठा बदल हवा असेल, तर तो दोन वेळच्या कुंडीबदलात वाटून घ्यावा.

कोन ठरला की फांद्यांचा प्रश्न निम्मा सुटतो. कलल्यामुळे काही फांद्या वर, काही खाली बघू लागतात. त्यांना तारेने वळवून पालवीचे थर पुन्हा नीट बसवायचे. एकाच उंचीवर समोरासमोर असलेल्या दोन फांद्यांपैकी एक, आणि वळणाच्या आतल्या बाजूने निघालेली फांदी, साधारणपणे नको असते. तीही मुळापासून उडवू नका. थोडा खुंट ठेवून त्याची साल सोलली, तर वाऱ्यापावसाने झिजल्यासारखं पांढरं लाकूड दिसतं. जपानी लोक त्याला जिन म्हणतात.

मोठी छाटणी आणि मुळांची कापणी मात्र एकाच वेळी करू नये. पाचर तशीच ठेवून आधी फांद्यांना आकार द्यावा, झाडाला सावरू द्यावं आणि कुंडी पुढच्या हंगामात बदलावी. जपानात हे काम वसंताच्या सुरुवातीला करतात. झाड मोकळ्या हवेत, उन्हात ठेवावं. घरात ते टिकत नाही.

पाचर केव्हाही काढता येते. कापलेली फांदी मात्र गेलीच.