मीटरवरचं शून्य काय सांगतं?

१ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. पहाटे जालना रोडवर सिडकोच्या उड्डाणपुलाजवळ एलपीजीने भरलेला टँकर दुभाजकाला धडकला आणि गॅस गळू लागला. क्रांती चौकातून जालना रोडने सरळ पूर्वेला निघालं की चार-पाच किलोमीटरवर ही जागा येते. छत्रपती संभाजीनगरचा हा मुख्य रस्ता तिथे बंद करावा लागला. आसपासची वस्ती हलवली, वीज तोडली, कुणी काहीही पेटवू नये असं बजावलं. अग्निशमन दलाने तासन्‌तास पाण्याचा मारा चालू ठेवला. आग लागली नाही.

त्या दिवशी शहराला गॅसची भीती कळली. पण वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्यातल्या कारखान्यांत हजारो माणसं अशा वायूंच्या शेजारीच रोजची पाळी करतात. सकाळी क्रांती चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यांपैकी कुणी औषधकंपनीत द्रावकांच्या टाक्यांजवळ काम करतो, कुणी बिअरच्या कारखान्यात, कुणी ठेकेदाराकडून सांडपाण्याच्या टाकीवर जातो. खिशाला लावायचा गॅस डिटेक्टर आता बऱ्याच ठिकाणी दिसतो, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्याच्याभोवती काही समजुती घट्ट बसल्या आहेत आणि त्यांतल्या काही जीव घेणाऱ्या आहेत.

वास आला नाही, म्हणजे गॅस नाही

एलपीजीला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन यांपैकी एकाचाही वास येत नाही.

सगळ्यात फसवा वायू म्हणजे गटारात आणि मळीच्या टाकीत तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड. दहा लाख भाग हवेत तो एका भागाहून कमी असला, तरी सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण १०० भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांतच नाक बधिर होतं आणि वास ‘जातो’. ५०० च्या पुढे माणूस थोड्याच वेळात कोसळतो. चेंबरमध्ये उतरलेला कामगार ‘आधी वास होता, आता गेला’ असं म्हणाला, तर त्याला त्याच क्षणी वर ओढायला हवं.

गॅस वर उडून जातो

मिथेन वर जातो, कारण तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा आहे. एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड असतो. तो जमिनीलगत सरपटतो, उताराने वाहतो, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये आणि तळघरात साठतो. एक लिटर द्रव एलपीजीपासून सुमारे २५० लिटर वायू होतो. हवेत तो दोन टक्के मिसळला तरी मिश्रण पेटू शकतं. म्हणजे एका लिटरमधून बारा हजार लिटरहून अधिक पेटती हवा तयार होऊ शकते, आणि टँकर कित्येक टनांचा असतो. जालना रोडवरची वस्ती हलवण्यामागचं गणित हेच. पाण्याच्या फवाऱ्याने गॅस विरघळत नाही. तो ढग विखरून पातळ होतो.

म्हणून टाकीच्या तोंडाशी मीटर धरून ‘ओके’ म्हणणं पुरेसं नाही. वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी वाचन घ्यावं लागतं. पंपाची नळी खाली सोडल्यावर नमुना मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. नळी जितकी लांब, तितकं जास्त थांबायला हवं. घाईत नळी वर ओढली, तर आपण तळाची हवा तपासलेलीच नसते.

दहाचा आकडा म्हणजे दहा टक्के गॅस, आणि शून्य म्हणजे काहीच नाही

या गैरसमजावर मला जास्त थांबायचं आहे, कारण जाणती माणसंही इथे चुकतात.

ज्वालाग्राही वायूच्या खान्यातला आकडा बहुतेक मीटरवर हवेतली टक्केवारी दाखवत नाही. पेट घेण्याच्या किमान मर्यादेच्या, म्हणजे एलईएलच्या, किती जवळ आपण आलो आहोत, ते तो दाखवतो. मिथेन हवेत पाच टक्के झाला की पेटू शकतो. म्हणून मीटरवर १०० दिसणं म्हणजे पाच टक्के मिथेन, आणि १० दिसणं म्हणजे अर्धा टक्का. अलार्म बहुधा १० वर लावलेला असतो तो यासाठी, की बाहेर पडायला वेळ मिळावा. ‘दहाच तर आहे’ म्हणून काम चालू ठेवणारा तो वेळच घालवत असतो.

हा आकडाही मीटर ज्या वायूवर कॅलिब्रेट केला असेल, त्याच वायूसाठी खरा असतो. मिथेनवर लावलेला मीटर टोल्युइनच्या बाफेजवळ नेला, तर तो खऱ्या धोक्याच्या निम्म्याच्या आसपासच आकडा दाखवू शकतो. औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यात हा फरक पाठ असायला हवा. त्यासाठी उत्पादक रूपांतराचे गुणक देतात. तो कागद मीटरच्या डब्यात पडून न राहता परमिट लिहिणाऱ्याच्या टेबलावर असावा.

आता शून्य. अनेक मीटरमध्ये ज्वालाग्राही वायू ओळखणारा सेन्सर तो वायू आतल्या तापलेल्या मण्यावर जाळून मोजतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत द्रावकाची बाफ ठासून भरलेली असली, तरी हा सेन्सर शून्याच्या आसपास थांबू शकतो. वायू फारच दाट झाला तरी तेच होतं: आकडा शंभरीपर्यंत चढतो आणि मग जळणाला हवा कमी पडल्याने खाली येतो. ‘बघा, कमी झाला’ म्हणून आत शिरणारा माणूस सर्वांत दाट गॅसमध्ये शिरत असतो. म्हणूनच आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी वायू असा क्रम ठरलेला आहे. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान नसेल, तर पुढच्या आकड्याकडे पाहून आत जाण्याचा निर्णय घेऊ नये.

या मण्याला सिलिकॉन बाधतं. सिलिकॉनयुक्त स्प्रे किंवा पॉलिश जवळपास वापरलं, तर सेन्सर निकामी होऊ शकतो, आणि पडद्यावर मात्र शांतपणे शून्य दिसत राहतं. इन्फ्रारेड सेन्सरला ऑक्सिजन लागत नाही, सिलिकॉनही बाधत नाही. पण त्याला हायड्रोजन दिसत नाही. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या जिथे चार्ज होतात तिथे हायड्रोजनच निघतो. अशा खोलीत तो मीटर बिनकामाचा.

चार वायूंचा मीटर म्हणजे सगळ्या वायूंचा मीटर

नेहमीचा चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एवढंच मोजतो. अमोनिया, क्लोरीन, कार्बन डायऑक्साइड यांचा त्याला पत्ता नसतो.

बिअर आणि मद्य बनवणाऱ्या कारखान्यांच्या या शहराला हे नीट कळायला हवं, कारण किण्वनाच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. ‘ऑक्सिजन कमी झाला की मीटर ओरडेलच’ असा युक्तिवाद ऐकू येतो. हिशेब करून पाहू. ताज्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. त्यात पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला, तर ऑक्सिजन उतरतो सुमारे १९.९ वर. अलार्म वाजतो १९.५ ला. म्हणजे मीटर गप्प. चार टक्के कार्बन डायऑक्साइड मात्र तात्काळ जीविताला धोका अशी पातळी मानली जाते. असा वायू जिथे तयार होतो, तिथे त्याच्यासाठी वेगळा सेन्सर लागतो.

कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे, मग मीटर चालू आहे

स्टिकर सांगतं की त्या तारखेला मीटर बरोबर होता. त्यानंतर तो पाण्यात पडला असेल, त्याच्या जाळीवर रंगाची धूळ बसली असेल. विषारी वायू मोजणाऱ्या रासायनिक सेन्सरचं आयुष्यही साधारण दोन-तीन वर्षांचं असतं. म्हणून रोज वापरण्यापूर्वी बंप टेस्ट करायची: ज्ञात प्रमाणाचा वायू काही क्षण सोडायचा आणि मीटर ओरडतो का ते पाहायचं. मिनिटभराचं हे काम खर्च वाचवण्यासाठी टाळणं मला अक्षम्य वाटतं. मीटर सुरूही मोकळ्या हवेतच करावा. गॅस असलेल्या जागी सुरू करून तिथेच ‘झीरो’ केला, तर त्या दूषित हवेलाच तो स्वच्छ मानून बसतो.

मोबाइल बंद केला की ठिणगीची काळजी नाही

पेट्रोल पंपावर मोबाइल बंद ठेवा, ही पाटी सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरच्या आगींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मोबाइलमुळे लागलेली आग म्हणून एकही निश्चित करता आली नाही; कित्येक आगींमागे अंगावरची स्थिर वीज होती. प्रोपेनचं मिश्रण पेटायला पाव मिलिज्यूलइतकी ऊर्जा पुरते, तर कोरड्या हवेत माणसाच्या अंगावरून सुटणारी ठिणगी दहा मिलिज्यूलच्या घरात जाऊ शकते. तरीही साधा मोबाइल धोकादायक क्षेत्रात नेऊ नये. तो अशा वातावरणासाठी तपासलेला नसतो आणि पडून त्याची बॅटरी बिघडू शकते. पण मोबाइल गेटवर जमा करून आत साधा पंखा, साधा हॅलोजन आणि प्लॅस्टिकच्या बादलीतून ओतलेलं द्रावक चालू राहिलं, तर काय साधलं?

अशा जागेसाठी फ्लेमप्रूफ, म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या भाषेत एफएलपी, फिटिंग असतं. त्याची पेटी हवाबंद असते असं समजतात, पण गॅस आत शिरू शकतो आणि आत स्फोटही होऊ शकतो. पेटी तो स्फोट सोसते, आणि सांध्याच्या अरुंद फटीतून बाहेर येताना ज्वाला थंड होऊन विझते. म्हणून एक बोल्ट कमी लावला, घासून नीट केलेल्या सांध्यावर रंग मारला, केबलसाठी आणखी एक भोक पाडलं, की ती पेटी एफएलपी राहत नाही, वर शिक्का कुठलाही असो.

गॅस मीटर वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्याच्या परिपथातली ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवलेली असते की तार तुटून ठिणगी उडाली, तरी वायू पेटू नये. या विचारामागे मोठी दुर्घटना आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंगहेनिड कोळसा खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार गेले. इशाऱ्याच्या विजेच्या घंटीतल्या ठिणगीवर संशय गेला. त्यानंतर कमी व्होल्टेजची ठिणगीही वायू कधी पेटवते याचा अभ्यास झाला, आणि आजची उपकरणं त्यातून घडली.

भारतात ज्वालाग्राही वायूंच्या जागी वापरायच्या अशा विद्युत उपकरणांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. उपकरणावरचा गट आणि तापमानाचा वर्गही वाचायचा असतो. टू-ए गटाचं उपकरण प्रोपेनला चालतं, हायड्रोजनला नाही. त्याला टू-सी लागतं. टी-४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांवर जाणार नाही. इथरची बाफ २०० अंशांच्या आत, ठिणगीशिवायही पेटते. तिथे २०० अंशांपर्यंत तापू शकणारं टी-३ चालणार नाही.

दिवा सोडून पाहिला, विझला नाही, उतरा

विहिरीत कंदील सोडून पाहण्याची ही जुनी रीत. ज्योत टिकली तर ती एवढंच सांगते की जळण्यापुरता ऑक्सिजन आहे. विषारी वायूबद्दल ती गप्प असते, आणि मिथेन असेल तर तीच स्फोट घडवते.

नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी एप्रिल २०२४ मध्ये शेणाने भरलेल्या, बायोगॅसच्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा. पाच जण गेले. अमेरिकेच्या निओश संस्थेने १९८६ मध्येच नोंदवलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक माणसं दुसऱ्याला वाचवायला उतरलेली असतात.

आत ऑक्सिजनचा सिलिंडर सोडावा, हा सल्लाही देऊ नये. ऑक्सिजन २३.५ टक्क्यांवर गेला की कपडे, तेल, केस भडकून पेटतात. ब्लोअरने बाहेरची ताजी हवा सोडावी, ब्लोअर एफएलपी असावा, आणि नंतर पुन्हा मोजावं.

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ मध्ये अशा जागेत उतरण्याआधी सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला, किंवा श्वसनसाधन आणि बाहेर दोर धरलेला माणूस, अशी अट घातलेली होती. कलम ३६-अ ने आतल्या दिव्याला २४ व्होल्टची मर्यादा घातली, आणि ज्वालाग्राही वायूची शक्यता असेल तिथे फ्लेमप्रूफ दिवाच सक्तीचा केला. तरी मीटर बहुधा कंपनीच्या कायम कामगाराच्या खिशाला असतो, आणि टाकीत उतरतो ठेकेदाराचा माणूस. मीटर त्याच्या गळ्याशी हवा, आत असेपर्यंत चालू हवा. वर दोर, तिवई आणि विंच घेऊन एक माणूस उभा हवा, ज्याचं काम फक्त त्याच्याकडे पाहत राहणं आहे. अलार्म वाजला तर त्याने खाली उतरायचं नाही. विंच फिरवायचा आणि मदत बोलवायची.