राखी सुटते, भेट नाही

बार्शीटाकळीच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याची बहीण परदेशी असली, की श्रावणात राखीसोबत घड्याळ किंवा अत्तर येणे स्वाभाविकच. पैसे घेतल्याखेरीज कुरिअरवाला मात्र पाकीट हाती देत नाही. भाऊ विचारतो, "भेटीवर कसला कर?"

ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटी पूर्वी सीमाशुल्कातून सुटत. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने ती मुभा राखी व जीवरक्षक औषधे यांपुरतीच ठेवली; राखीसोबतची भेट त्यात बसत नाही.

आकारणी नुसत्या किमतीवर नसते, वाहतूक व विमाही मिळवतात. तथापि विमानवाहतुकीचा खर्च किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरावा, असा नियम आहे. ५,००० रुपयांच्या वस्तूस कुरिअरचे ३,००० लागले, तरी मोजायचे १,०००च. हे फार थोडे लोक तपासतात. सीमाशुल्क मिळवून होणाऱ्या बेरजेवर पुन्हा एकात्मिक जीएसटी लागतो. शिवाय शुल्क आधी स्वतः भरल्याबद्दल कुरिअर कंपनी आपला आकार लावते; तो सरकारी नव्हे, पावतीवर वेगळा पाहावा.

"किंमत कमी लिहून पाठव," असे बहिणीस सहज सांगितले जाते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, हे ज्यांच्या घरी नित्य वाचले जाते, तेही सांगतात.

काही बहिणी आता लिफाफ्यात राखी तेवढी धाडतात. भेट भाऊ अकोल्यातून घेतो.