अंगणवाडीचा हिशोब कुणी मागायचा?
(तृतीय वर्ष, स्थापत्य)

मेसमधली आमटी पातळ झाली की आपण काय करतो? मेस सेक्रेटरीला गाठतो, स्टोअरचं रजिस्टर काढायला लावतो, डाळ किती किलो आली आणि किती शिजली याची बेरीज-वजाबाकी मांडतो. तेवढ्यानं भागलं नाही तर रात्री नऊला रेक्टर सरांच्या दारात शंभर पोरं उभी! दुसऱ्या दिवशी आमटी घट्ट होते, निदान आठवडाभर तरी. आता हेच तीन वर्षांच्या पोराच्या बाबतीत घडलं तर? ताटलीत खिचडी कमी आली तर ते रडेल, नाहीतर गप्प बसेल. रजिस्टर काही मागणार नाही. सरकारी कागदात त्याला ‘लाभार्थी’ म्हणतात. पण हा असा लाभार्थी की ज्याला तक्रार अर्ज लिहिता येत नाही. मग त्याच्या वतीनं विचारायचं कुणी?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला माझ्या मावशीनं. आमचा पलूस तालुका सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. किर्लोस्करवाडी म्हटलं की मेकॅनिकलवाल्यांना लगेच ओळख पटेल, तो आमचाच भाग. मावशी तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. (गावाचं नाव देत नाही, मावशीला अजून तिथंच काम करायचं आहे!) तिच्याकडे सुट्टीला गेलो की ती रात्री जेवणानंतर मोबाईल घेऊन बसते. आम्हाला वाटायचं मालिका बघते. ती पोषण ट्रॅकरमध्ये मुलांची वजनं भरत असायची.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी सहा सेवा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळेपूर्वीचं शिक्षण आणि आहार-आरोग्याची माहिती. आहाराचं मापही ठरलेलं आहे. २०१३ मध्ये ते होतं साध्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं हे माप कायद्यात आणलं, म्हणजे ती आता मेहरबानी नाही, हक्क आहे. आणि खर्चाचा दर? २०१७ साली केंद्रानं ठरवला तो साध्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषितामागे १२. आपल्या कँटीनमध्ये आठ रुपयांत काय मिळतं ते ज्यानं त्यानं आठवावं.

आता गंमत बघा. अंगणवाडी एक खोली, पण तिचे मालक किती! जागा ग्रामपंचायतीची. इमारत बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यानं उभी केलेली. सेविका आणि मदतनीस बालविकास प्रकल्प कार्यालयाच्या हाताखाली. त्यांच्या वर पर्यवेक्षिका, तिच्या वर प्रकल्प अधिकारी, त्यांच्या वर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग. लस टोचायला येणारी सिस्टर प्राथमिक आरोग्य केंद्राची. पाणी ग्रामपंचायतीचं, वीज महावितरणची, गरम आहार बहुधा बचत गटाचा. नळ गळत असेल तर सेविका म्हणते ग्रामपंचायतीला सांगा, ग्रामसेवक म्हणतात बांधकामाला सांगा, बांधकामवाले म्हणतात आम्ही ताबा दिला, आमचा संबंध संपला. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर, आणि पोरं हात न धुता जेवायला बसतात.

या सगळ्यांत हिशोब देणारी मात्र एकच : सेविका. किती मुलं आली, किती जेवली, कुणाचं वजन वाढलं, कुणाचं घटलं, सगळं तिनं भरायचं आणि वर पाठवायचं. कुपोषित मुलं जास्त दाखवली की तिलाच विचारणा. मग ग्रॅम-दोनशे ग्रॅम इकडंतिकडं करण्याचा मोह कुणाला होणार नाही? आपण प्रॅक्टिकलला रीडिंग ‘बसवतो’ ते याच भीतीनं, नाही का! महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी वयाच्या मानानं खुजी मुलं २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३४.४ टक्के होती, २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२. पाच वर्षं लाखो रजिस्टरं भरली गेली आणि आकडा जागचा हलला नाही. याचा अर्थ माझ्या मते एवढाच, की हिशोब भरपूर होतो, पण तो खालून वर जातो. वरून खाली, गावाकडे, तो येतच नाही.

आणि ज्या बाईकडून एवढा हिशोब घ्यायचा तिला सरकार पगार देत नाही, ‘मानधन’ देतं. मानधन, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी राज्यातल्या सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत संपावर होत्या. ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयानं २५ एप्रिल २०२२ लाच सांगितलं होतं, तरीही. असो.

मग गावानं हिशोब मागायचा कसा? आमच्या भागाला हे नवं नाही. पलूसशेजारचं कुंडल पूर्वी औंध संस्थानात होतं. औंधच्या राजांनी जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना करून कारभार गावपंचायतींच्या हाती दिला, मसुद्यामागे महात्मा गांधी आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर होते (आपल्या शाखेचा माणूस, लक्षात ठेवा!). पुढं १९४३ नंतर याच कुंडल परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. देशाच्या पातळीवर पंचायतींना घटनेत जागा मिळायला मात्र २४ एप्रिल १९९३ उजाडला, ७३ वी घटनादुरुस्ती तेव्हा अमलात आली.

आज आपल्या हातात दोन साधनं आहेत, ग्रामसभा आणि माहितीचा अधिकार. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. म्हणजे होस्टेलवर राहणारे आपणही, नाव गावाकडं असेल तर. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. चारही दिवशी कॉलेजला सुट्टी! ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कशावर झाले हे विचारायचं असेल तर नमुना १ म्हणजे अर्थसंकल्प आणि नमुना ५ म्हणजे रोकडवही बघायची. मी ज्या दोन ग्रामपंचायतींच्या वह्या पाहिल्या तिथं हा पैसा मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात खर्ची पडला होता, खुर्च्या आणि सतरंज्यांवर. खुर्च्या मोठ्यांच्या मापाच्या. वित्त आयोगाच्या पैशातली कामं तर ई-ग्रामस्वराजवर मोबाईलवरही दिसतात, पासवर्ड लागत नाही. जाता जाता एक : पलूस गावाची आता नगरपरिषद झाली आहे आणि नगरपरिषदेला ग्रामसभा नसते. गाव मोठं झालं की रस्ते मोठे होतात, पण विचारायची जागा आक्रसते, हे आमच्याकडं फार जणांच्या लक्षात आलेलं नाही.

माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा त्याआधी २००२ चा होता. दहा रुपये फी, पानाला दोन रुपये, तीस दिवसांत उत्तर. सगळ्यांना एवढंच माहीत असतं. पण आपल्यासाठी खरी मेख कलम २ मध्ये आहे. ‘माहिती’ म्हणजे नुसता कागद नाही. कामाची प्रत्यक्ष पाहणी करणं आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणं हेही त्यात येतं. म्हणजे कोणताही नागरिक अंगणवाडीच्या बांधकामाचं एस्टिमेट, एम.बी. आणि क्यूब टेस्टचे रिपोर्ट मागू शकतो आणि जागेवर टेप लावू शकतो. गावातल्या बाकीच्यांना एम.बी. म्हणजे काय हे कळत नाही. आपल्याला कळतं, निदान व्हायवापुरतं तरी.

मावशीची अंगणवाडी २०१९ च्या महापुरात पाण्यात गेली. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. दप्तर भिजलं, वजनाच्या वह्यांचा लगदा झाला. पुढं दुरुस्ती झाली, त्याच जागी, तेवढ्याच जोत्यावर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि दोन मित्रांनी त्या कामाचं एस्टिमेट आणि एम.बी. मागितली. उत्तर चौतिसाव्या दिवशी आलं. एम.बी.त हात धुण्याची जागा, तीन नळ, पाईपलाईन असं सगळं मोजून लिहिलेलं. जागेवर नळ शून्य; पाईप भिंतीतून बाहेर आलेला आणि चिंधीनं बांधलेला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मित्रानं एम.बी.चं पान वाचून दाखवलं. भाषण नाही, घोषणा नाही, फक्त पान. अकरा दिवसांत नळ बसले. पण दुसरा प्रश्न, की ही इमारत पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. हायड्रॉलॉजीत आपण शिकतो : निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमच्याकडं २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन महापूर झाले. ८ ऑगस्ट २०१९ ला आमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची नाव उलटली, १७ माणसं गेली. त्यात बायका आणि लहान मुलं होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चाच आहे. त्यानुसार जिल्ह्याचा आराखडा तयार असावा लागतो आणि दरवर्षी तो तपासावा लागतो. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी. आपल्या गावाच्या नावापुढं आराखड्यात किती बोटी, किती लाईफ जॅकेटं लिहिली आहेत हे पावसाळ्याआधी विचारता येतं. आणि त्यात लहान मुलांच्या मापाची किती? कोणत्या गल्लीत किती तान्ही मुलं आहेत, किती बायकांचे दिवस भरलेत, हे गावात फक्त एका वहीत असतं आणि ती वही मावशीच्या कपाटात असते. पाणी चढायला लागल्यावर कुणाला आधी बाहेर काढायचं याची यादी तिथं तयारच आहे. ती कुणी मागितल्याचं मावशीला आठवत नाही.

यादीत जी मुलं आहेत त्यांचं हे झालं. जी नाहीत त्यांचं काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटले की आमच्या भागात बीडकडच्या टोळ्या उतरतात. गावाबाहेर कोप्या पडतात. पहाटे आईबाप फडात, आणि तीन वर्षांचं पोर पाचटाच्या ढिगावर धाकट्या बहिणीला सांभाळत. त्याचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत, ते स्वतः इथं. तिथं त्याचा घरपोच आहार कोण घेतं आणि इथं त्याचं वजन कोण करतं? सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २००६ ला सांगितलेलं आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुलं आहेत त्यांनी मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. आपल्या होस्टेलवर मराठवाड्यातली पुष्कळ मुलं आहेत. हा पॅराग्राफ मी त्यांच्यासमोर आधी वाचला. एक जण म्हणाला, “आमच्याकडं उलट. हंगामात अंगणवाडी ओस, आणि पट मात्र भरलेला.”

तेव्हा अर्ज दोन्ही टोकांना करायचा ठरलं आहे, एक इथं आणि एक तिकडं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत लागतो. ‘का’ असं विचारायचं नाही, कागद मागायचा. मजकूर असा :

“प्रति, जन माहिती अधिकारी, बालविकास प्रकल्प कार्यालय. विषय : ऊसतोड कामगारांच्या सहा वर्षांखालील मुलांना दिलेली अंगणवाडी सेवा. कालावधी : मागील हंगाम, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. हवी असलेली माहिती : १) प्रकल्पातील प्रत्येक अंगणवाडीत या काळात नोंदवलेल्या स्थलांतरित मुलांची महिनावार संख्या. २) त्यांच्या वजनाच्या नोंदींची प्रत, मुलांची नावे झाकून. ३) त्यांना दिलेल्या आहाराच्या साठा नोंदवहीची प्रत. ४) बाहेरगावी गेलेल्या मुलांच्या नावे याच काळात आहार दाखवला असल्यास त्या नोंदींची प्रत.”

खाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, सही, तारीख. पोच घ्यायला विसरायचं नाही. एकतिसाव्या दिवशी उत्तर नसेल तर प्रथम अपील करायचं, आणि त्या अर्जाला हीच पोच जोडावी लागते. ज्यांना तिकडच्या अर्जावर सही करायची आहे त्यांनी रविवारी मेसनंतर रूमवर यावं.