हौशी विवाह छायाचित्रण

हौशी विवाह छायाचित्रण म्हणजे छायाचित्रण हा ज्याचा व्यवसाय नाही अशा व्यक्तीने, बहुधा वधूवरांच्या नातलगाने किंवा स्नेह्याने, मोबदला न घेता केलेले लग्नसमारंभाचे छायाचित्रण. अशी व्यक्ती कधी व्यावसायिक छायाचित्रकाराच्या जोडीने चित्रे टिपते; नोंदणी विवाहात किंवा घरच्या घरी होणाऱ्या छोट्या लग्नात मात्र साऱ्या सोहळ्याची चित्रनोंद तिच्यावरच अवलंबून असते. डोंगराचे वा देवळाचे चित्र बिघडले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येते. अंतरपाट एकदाच दूर होतो. म्हणून या प्रकारात कॅमेऱ्याच्या माहितीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, विधींच्या क्रमाचे ज्ञान उपयोगी पडते. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील हिंदू विवाहपद्धतीच्या संदर्भात हा विषय मांडला आहे.

पार्श्वभूमी

लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेशी संबंधित असलेले आरंभीचे भारतीय छायाचित्रकार होत. त्या काळातील जड कॅमेरे, काचेची पटले आणि प्रत्येक चित्राला लागणारा दीर्घ वेळ यांमुळे चालू विधीचे चित्र घेणे अतिशय अवघड होते. जुन्या घरांतील लग्नाची चित्रे बहुधा पडद्यापुढे बसवून घेतलेली दिसतात, त्याचे कारण हेच. पुढे फिल्मच्या गुंडाळीमुळे कॅमेरा सामान्य कुटुंबाच्या हाती आला. भारतात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक ३ या साध्या कॅमेऱ्यात एका गुंडाळीवर १२ चित्रे निघत. ३५ मिमी फिल्मवर ती ३६ पर्यंत गेली. एवढ्या मोजक्या चित्रांत लग्न बसवायचे म्हणजे कोणता क्षण घ्यायचा, हे आधीच ठरवावे लागे. डिजिटल कॅमेऱ्याने हे बंधन उरले नाही. आधी ठरवण्याची गरज मात्र कायम आहे.

विधींचा क्रम आणि उभे राहण्याची जागा

लग्नाच्या आदल्या दिवशी गुरुजींशी किंवा घरातील जाणत्या स्त्रीशी अर्धा तास बोलून विधींची यादी करून घेणे, ही हौशी छायाचित्रकाराची पहिली तयारी होय. प्रत्येक घराण्याचे कुळाचार वेगळे असतात. एका घरी सकाळी होणारे सीमांतपूजन दुसऱ्या घरी आदल्या संध्याकाळी उरकलेले असते.

वधू गौरीहरापुढे बसते, तेव्हा मांडवातील गर्दीचे लक्ष वराकडे किंवा येणाऱ्या पाहुण्यांकडे असते. त्या खोलीत वधू, एखाद-दुसरी मैत्रीण आणि खिडकीचा उजेड एवढेच असते. दिवसभरातील सर्वांत निवांत चित्रे येथे मिळतात आणि ती बहुतेक वेळा घरच्याच माणसाला मिळतात. त्यानंतर मामा वधूला बोहल्यावर आणतो. छायाचित्रकाराने त्यांच्या मागून न जाता आधीच पुढे जाऊन थांबावे.

मंगलाष्टके चालू असताना वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे असतात. एका बाजूने पाहिल्यास एकच चेहरा दिसतो. दोघेही दिसावेत यासाठी अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत, बोहल्याच्या शेजारी जागा घ्यावी लागते. अंतरपाट कोणत्या बाजूला ओढला जाणार, हे गुरुजींना आधी विचारून त्याच्या विरुद्ध बाजूस उभे राहावे. नाहीतर नेमक्या क्षणी कापडच भिंगासमोर येते. शेवटच्या मंगलाष्टकाच्या वेळी म्हणणाऱ्याचा स्वर बदलतो, वाजंत्रीवाले सरसावतात आणि लोक उरलेल्या अक्षता मुठीत घेतात. ‘सावधान’ हा शब्द छायाचित्रकारालाही उद्देशून आहे, असे समजण्यास हरकत नाही. हार घालण्याच्या क्षणानंतरचे दोन-तीन सेकंदही सोडू नयेत. वधूवरांची पहिली नजरभेट आणि मागे उभ्या आईवडिलांचे चेहरे त्याच वेळात मिळतात. गर्दी पुढे सरकली की ते झाकले जातात.

लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि वराचा कान पिळतो. कानपिळी काही सेकंदांत संपते. भाऊ जागेवरून उठला की कॅमेरा तयार असावा. सप्तपदीत तांदळाच्या सात राशींवर वधूची पावले पडतात, त्यामुळे कॅमेरा जमिनीलगत न्यावा. सूनमुखाच्या वेळी आरशात सून दिसते, पण फ्लॅशचा झोतही दिसतो. येथे फ्लॅश बंद ठेवून तिरप्या कोनातून पाहावे. आरशात वधूचे डोळे दिसत असतील, तर तिलाही छायाचित्रकार दिसत असतो. गृहप्रवेशात माप ओलांडतानाचे चित्र उंबरठ्याच्या आतूनच येते, म्हणून वरातीसोबत न रेंगाळता घरी आधी पोहोचणे आवश्यक असते.

बौद्ध पद्धतीच्या विवाहात त्रिशरण-पंचशील ग्रहण केले जाते, होम नसतो. वधूवर शुभ्र वस्त्रांत असल्यास चित्र काळवंडू नये याची काळजी घ्यावी लागते. सत्यशोधक विवाहाचा क्रमही वेगळा असतो. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार होणाऱ्या विवाहात वधूवर आणि तीन साक्षीदार स्वाक्षऱ्या करतात. हा सोहळा काही मिनिटांचा असतो आणि कार्यालयात छायाचित्रणाची परवानगी आधी घ्यावी लागते.

प्रकाशाच्या अडचणी

गोरज मुहूर्त हा हौशी छायाचित्रकाराचा खरा कस पाहणारा मुहूर्त होय. मंगलाष्टके सुरू होताना असलेला संधिप्रकाश ती संपेपर्यंत निम्म्याहून कमी होऊ शकतो. एफ/१.८ छिद्राचे ५० मिमी भिंग तुलनेने स्वस्त असून अशा वेळी महागड्या झूम भिंगापेक्षा उपयोगी ठरते. आयएसओ १६०० किंवा ३२०० ठेवल्याने चित्रात रवाळपणा येतो, परंतु रवाळ चित्र हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही बरे.

भारतात विजेच्या प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने कार्यालयातील अनेक एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण शटरचा वेग जास्त असल्यास चित्रात आडवे काळसर पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास ते टळतात. उडणाऱ्या अक्षता हवेत स्थिर दिसण्यासाठी मात्र १/२५० किंवा त्याहून अधिक वेग लागतो. दोन्ही एकदम साधत नसल्यास १/१०० सेकंद निवडून अक्षतांच्या रेषा उमटू द्याव्यात. चेहऱ्यांवर पट्टे येणे अधिक वाईट.

पांढरा अंतरपाट चौकटीत मोठा आला, की कॅमेऱ्याचा मापक फसतो आणि चेहरे काळे येतात. अर्धा ते एक टप्पा जादा प्रकाश द्यावा. लाल-पिवळ्या मांडवाच्या कापडातून आलेला उजेड साऱ्यांना हळदीचा रंग देतो, तो रॉ प्रकारच्या फाइलमध्ये नंतर सुधारता येतो. होमाच्या धुरावर थेट फ्लॅश टाकल्यास धूर पांढऱ्या भिंतीसारखा उमटतो. जरीचे काठही फ्लॅशमुळे पांढरे फटक पडतात. छत पांढरे व कमी उंचीचे असेल, तर फ्लॅश छताकडे वळवावा. छत उंच असल्यास तो बंद ठेवलेलाच बरा.

घरच्या माणसांची चित्रे

व्यासपीठावरील आहेराची रांग व्यावसायिकाकडे सोपवावी. त्याच्या भिंगासमोर न येणे आणि त्याने लावलेल्या प्रकाशात फ्लॅश न मारणे, हा साधा शिष्टाचार आहे. हौशी व्यक्तीला सर्वांची नावे व नाती ठाऊक असतात. रुखवत मांडणाऱ्या मावश्या, पंगतीत वाढणारे चुलते, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेली आजी यांची चित्रे तिने घेतली नाहीत, तर ती राहूनच जातात. कुटुंबातील ज्येष्ठ मंडळी एरवी क्वचितच नीटनेटक्या पोशाखात कॅमेऱ्यासमोर येतात. पुढे भिंतीवर हार घालून लावलेले चित्र पुष्कळदा अशाच एखाद्या लग्नातील समूहचित्रातून कापून मोठे केलेले असते. म्हणून प्रत्येक ज्येष्ठाचे, जेवणापूर्वी, दाराजवळच्या उजेडात, स्वतंत्र चित्र आवर्जून घ्यावे. समूहचित्रात दोन-तीन ओळी असल्यास छिद्रमान एफ/५.६ ते एफ/८ ठेवावे आणि मिटलेल्या डोळ्यांमुळे चित्र वाया जाऊ नये म्हणून किमान तीन चित्रे घ्यावीत.

जतन आणि हक्क

समारंभ संपल्यावर त्याच रात्री मेमरी कार्डावरील चित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी कराव्यात आणि तोवर कार्ड पुसू नये. संदेशवाहक ॲपवरून छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रत सहसा आकाराने घटवलेली असते. छपाईसाठी मूळ फाइल द्यावी. चित्रांतील व्यक्तींची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लगेच लिहून ठेवावीत.

प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे असतो. मोबदल्याशिवाय काढलेल्या चित्राचा हक्क सामान्यतः छायाचित्रकाराचा असतो. तरीही वधूवरांना दाखवल्यावाचून, विशेषतः पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या माणसांची चित्रे, समाजमाध्यमांवर टाकू नयेत.