शिकाऊ उमेदवार आणि विमानाचे इंजिन

दहावीनंतर काय, असा प्रश्न विचारला की आपल्या निवासी शाळेतील विद्यार्थ्यांची उत्तरे बहुधा ठरलेली असतात : पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, डी.एड. कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीचे नाव क्वचितच निघते. पालकही नाखूष असतात. ज्यांच्या आजोबांनी गावकीची कामे सोडून देण्यासाठी हालअपेष्टा सोसल्या, त्यांना नातवाच्या हाती पुन्हा तेलकट हत्यार आलेले पाहवत नाही. ही भीती इतिहासातून आलेली असल्यामुळे तिचा अनादर आम्ही करणार नाही. तथापि, विमानाच्या इंजिनाची देखभाल कशी शिकली जाते हे समजून घेतल्यास हाताच्या सर्वच कामांना एका मापाने मोजणे योग्य नाही, हे ध्यानी येईल.

हा विषय वरवंडच्या मुलांना वाटतो तितका दूरचा नाही. पुण्याच्या लोहगाव तळावरून हवाई दलाची सुखोई-३० विमाने उड्डाण करतात. ही विमाने आपल्याच राज्यात, नाशिकजवळच्या ओझर येथे, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात जोडली गेली. हा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला. या विमानांची इंजिने त्याच कंपनीच्या ओडिशातील कोरापूट विभागात तयार होतात आणि तेथेच त्यांची संपूर्ण उकल-दुरुस्ती होते. प्रवासी विमानांच्या देखभालीचे मोठे केंद्र नागपूरच्या मिहानमध्ये आहे. आणखी मागे गेल्यास, १९४० साली बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना करणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांच्या नावाचे वालचंदनगर आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात याच बंगळूरच्या कारखान्यात दोस्त राष्ट्रांच्या विमानांची व इंजिनांची दुरुस्ती होत असे.

जेट इंजिनाचे तत्त्व सोपे आहे. पुढून हवा आत ओढली जाते, कॉम्प्रेसरच्या फिरत्या पात्यांच्या रांगा ती दाबतात, ज्वलनकक्षात तिच्यात इंधन जळते आणि तप्त वायू टर्बाइनची पाती फिरवून मागे वेगाने बाहेर पडतो. टर्बाइन त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसरला फिरवते, म्हणून हे चक्र अखंड चालते. कठीण आहे ते हे सारे सुरक्षित ठेवणे. टर्बाइनवर येणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तप्त असू शकतो. पात्याच्या पोटातून व त्यावरील बारीक छिद्रांतून थंड हवा खेळवली जाते, म्हणूनच ते टिकते. ती छिद्रे बुजली किंवा पात्याच्या कडेला केसाएवढी चीर पडली, तर मोठा अनर्थ संभवतो. उमेदवाराला शिकायचे असते ते ही चीर वेळेवर शोधणे.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने अशी उमेदवारी पूर्ण केली आहे. त्याच्याकडून जे ऐकले त्यातून या शिक्षणाचा क्रम आम्हांस कळला. पहिले कित्येक आठवडे त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. सुटे भाग धुणे, पुसणे, त्यांवरचे क्रमांक टिपणे आणि हत्यारे जागेवर ठेवणे एवढेच काम. प्रत्येक पान्याची आकृती फळ्यावर कोरलेली असते. संध्याकाळी एक जरी जागा रिकामी दिसली तरी पाना सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही, कारण तो इंजिनात राहिला असण्याची शक्यता असते. मग नट किती बळाने आवळावा हे टॉर्क पान्यावर वाचणे, आवळलेला नट सैल होऊ नये म्हणून पोलादी तार पिळून बांधणे, रंगीत द्रव लावून न दिसणारी चीर उघड करणे, बोरोस्कोपची बारीक नळी आत सोडून एकेक पाते पाहणे, ही कामे आली. प्रत्येक पायरीनंतर कार्डावर सही. उमेदवाराच्या कामावर अधिकारप्राप्त माणसाची तपासणी आणि त्याचीही सही. ‘सर, गणिताचा पेपर एकदा तपासला की झाले, इथे रोजचा दिवस तपासतात,’ असे तो म्हणाला.

एवढी काटेकोरता कशासाठी, याचे उत्तर ५ मे १९८३ रोजी अमेरिकेत घडलेल्या एका घटनेत मिळते. ईस्टर्न एअरलाइन्सचे १७२ जणांना घेऊन निघालेले विमान मायामीहून नासाऊकडे जात होते. आदल्या रात्री त्याच्या तिन्ही इंजिनांतील, तेलात धातूचे कण आले का हे दाखवणारे चुंबकीय भाग बदलले होते. हे भाग एरवी मेकॅनिकना रबरी कडी बसवलेल्या स्थितीतच मिळत. त्या रात्री ते भांडारातून कड्यांशिवाय आले आणि तसेच बसवले गेले. कडे बसवण्याची सूचना कार्डावर छापलेली होती. उड्डाणानंतर तेल गळू लागले. वैमानिकांनी एक इंजिन बंद करून विमान मागे वळवले. मग उरलेली दोन्ही आपोआप बंद पडली. अखेर पहिले बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू झाले आणि विमान सुखरूप उतरले. ते मेकॅनिक अडाणी नव्हते. सवयीने त्यांच्या डोळ्यांची जागा घेतली होती.

भगवान बुद्धांनी ज्याला प्रमाद म्हटले, तो हाच. अप्रमाद म्हणजे क्षणोक्षणीची सजगता. वंदनेनंतर ध्यानाला बसताना जी आपण शिकतो, तीच कार्यशाळेत हाताला शिकवावी लागते. विमान देखभालीच्या परवान्यासाठी आज मानवी चुकांची कारणे हा स्वतंत्र विषय अभ्यासावा लागतो. आपण म्हणतो त्या मंगलसुत्तात बहुश्रुतता आणि विनय यांच्यासोबत शिल्पाचीही, म्हणजे हस्तकौशल्याचीही गणना मंगलांत केली आहे. ज्ञान एकीकडे आणि हात दुसरीकडे, ही फारकत धम्माला मान्य नाही. ती जातिव्यवस्थेने केली.

बाबासाहेबांनी ही फारकत ओळखली होती. १९४२ साली व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी परदेशी उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच अस्पृश्य मुलांना सरकारी छापखाने व रेल्वेच्या कार्यशाळांत उमेदवार म्हणून प्रशिक्षण मिळावे, अशी मागणी केली. पदवी आणि उमेदवारी या दोन्ही वाटा त्यांनी एकत्र मागितल्या, हे आपण विसरतो. पुढे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा झाला आणि १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद त्यात आली.

वाटा दोन आहेत. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर, मशिनिस्ट, टर्नर यांसारखा व्यवसाय पूर्ण करून उमेदवारीसाठी अर्ज करता येतो. दुसरी वाट बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेणाऱ्यांची : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेत शिकून देखभाल अभियंत्याचा परवाना मिळवणे. या वाटेचा खर्च मोठा असल्याने पैसे भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता स्वतः तपासावी. उमेदवारीतून त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच असे नाही. कायदा मालकावर तसे बंधन घालत नाही. हाती येते ते प्रमाणपत्र आणि कौशल्य.

आमच्या त्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने नाव सांगूनही आडनाव पुन्हा पुन्हा विचारले होते. त्याने सांगितले आणि कामाला लागला. वर्षअखेरीस तोच सहकारी स्वतः बांधलेली तार त्याला दाखवून ‘एकदा बघ रे’ म्हणू लागला. यावरून जात संपली असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या पूर्वजांना पाणवठ्यालाही हात लावू दिला नाही, त्यांच्या वंशजाने पाहून दिलेल्या इंजिनाच्या भरवशावर माणसे आकाशात जातात. येत्या जूनमध्ये अर्ज भरताना दहावीच्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी या वाटेचाही विचार करावा, इतकेच आमचे सांगणे आहे.