रविवारचा धर्म, सोमवारचं शेत

पालघर जिल्ह्यातला ख्रिस्ती शेतकरी म्हटला की डोळ्यांपुढे येतात त्या वसईच्या वाड्या : केळी, पानवेली, फुलं आणि भाजीपाला. पण तलासरी-डहाणूकडच्या पाड्यांवरही ख्रिस्ती कुटुंबे आहेत, आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमुळे पाम परिसरात निरनिराळ्या धर्मांची माणसे शेजारी म्हणून राहू लागली आहेत. येशूच्या शिकवणुकीवर प्रवचन करणे हे धर्मगुरूंचे काम. मात्र त्याने दिलेले दाखले वाचले तर पेरणी, तण, मोहरीचा दाणा, द्राक्षमळा असा शेतीचाच विषय जागोजागी भेटतो. तेव्हा ही शिकवण शेतावर कशी चालवायची, याचा विचार शेतकऱ्याने करायला हरकत नाही. ती ख्रिस्ती कुटुंबांच्या जितक्या उपयोगाची, तितकीच गावाच्याही.

मजुराची मजुरी

एक मळेवाला पहाटे मजूर आणायला गेला. नंतर नऊ वाजता, दुपारी, तीन वाजता आणि दिवस मावळायला तासभर असताना पुन्हा गेला. शेवटच्यांना त्याने विचारले, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणाले, आम्हांला कुणी कामावर घेतलंच नाही. संध्याकाळी त्याने सर्वांना पूर्ण दिवसाची मजुरी दिली. पहाटेपासून राबणारे कुरकुरले, पण त्यांचे ठरलेले पैसे कमी झाले नव्हते.

हिशेबाच्या वहीत हा दाखला बसत नाही, हे खरे. पण ज्याला उशिरा काम मिळाले त्याच्याही घरी खाणारी तोंडे तेवढीच असतात. आवणीच्या दिवसांत हात मिळत नाहीत, सगळे कंपनीत जातात, अशी आपली तक्रार असते. मग जे हात येतात त्यांची मजुरी त्याच संध्याकाळी चुकती होते का? चिखलात वाकून बाई आणि बुवा सारखेच राबले तर दोघांना पैसे सारखे मिळतात का? समान कामाला समान मजुरी हे कायद्याने १९७६ पासूनच सांगितले आहे. ख्रिस्ती शेतकऱ्याला तर त्याआधीपासून सांगितलेले आहे.

बांधाचा तंटा

भावाशी वैर असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये, असे येशूने सांगितले. समेटाची रीतही दिली. आधी त्याला एकट्याला गाठून बोल. ऐकले नाही तर एकदोघांना सोबत ने. तरीही नाही ऐकले तर मंडळीपुढे मांड. आपण नेमके उलटे करतो. हातभर बांधासाठी आधी पोलीस ठाणे, मग कोर्ट, आणि भावाशी बोलणे शेवटपर्यंत नाही. राज्यात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिचा गाभाही हाच की वाद गावातच, समोरासमोर बसून मिटावा. मोजणी करायची तर जरूर करा, पण दोघे भाऊ मिळून अर्ज द्या. त्याने पैसाही वाचतो आणि बोलणंही टिकतं.

पाणी आणि पैसा

शिकवण अंगी बाणवली की काय होते, ते वसईत पाहावे. सावकारीला पर्याय म्हणून तिथल्या ख्रिस्ती समाजाने १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने पतसंस्था काढली. आजची बॅसीन कॅथॉलिक बँक ती हीच. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस नव्या इमारतींसाठी विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून रस्त्यावर उतरले. शेजाऱ्यावर प्रेम करायचे तर त्याच्या विहिरीचा तळ कोरडा पडताना गप्प बसता येत नाही, एवढा साधा त्याचा अर्थ. फादर २०२४ साली गेले. पाण्याचा प्रश्न मात्र अजून उभा आहे.

तिकडे नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंनी पाणलोटाच्या कामाला आयुष्य दिले. त्यातून १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभी राहिली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर आणि बांध, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. या कामात गावाने एकत्र बसून ठरवल्याशिवाय पाणी अडत नाही. डोंगरावरचे पाणी खालच्याच्या विहिरीत उतरते, आणि खालचा कोणत्या देवाला हात जोडतो हे ते विचारत नाही.

हीच गोष्ट पाड्यावरही लागू. कुणी प्रार्थनेला जाऊ लागला म्हणून त्याच्या आवणीला हात द्यायचा नाही, हे बरोबर नाही. तसेच ख्रिस्ती झालो म्हणून गावच्या रस्त्याच्या श्रमदानाकडे पाठ फिरवणे, हेही येशूच्या शिकवणीत बसत नाही. वाटेत जखमी पडलेल्याला उचलणारा त्याच्या दाखल्यात परक्या पंथाचाच होता.

कचेरीतल्या मंडळींसाठी

जक्कय हा जकातदारांचा मुखिया, श्रीमंत माणूस. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाला लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो. सातबारा, दाखला, अनुदानाची फाईल ज्यांच्या टेबलावरून जाते त्या आम्हां सर्वांना, धर्म कोणताही असो, हा दाखला भिंतीवर लावण्यासारखा आहे. चौपट राहू द्या, फाईल वेळेवर आणि फुकट निघाली तरी गरिबाचा दिवस वाचेल.

आणखी एक वर्ष

शेवटी बागाइतदारांचा दाखला. तीन वर्षे फळ न धरणारे अंजिराचे झाड मालक तोडायला निघाला. माळी म्हणाला, या वर्षी राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो, फळ आलं तर बरं, नाहीतर मग तोडा. झाडाला आधी आळे, खत आणि वेळ द्या, निकाल मागाहून लावा, हे आम्ही शेतकऱ्यांना नेहमी सांगतो. दारूच्या नादी लागलेला मुलगा, कर्ज थकलेला सोसायटीचा सभासद, शाळा सुटलेली पोर, यांच्याही बाबतीत हेच. एक वर्ष द्यायचे, पण नुसते वाट बघत नव्हे, तर मुळाशी खणून. माळ्याने मुदत मागितली ती स्वतःच्या अंगावर काम घेऊन. पावसाळ्याआधी आळी करताना तेवढे ध्यानात ठेवावे.